हायड्रोजन क्लोराईडचा तास

मी प्रयोग दाखवणं का सोडलं, सांगते. नेवाशाच्या शाळेत दहावीला हायड्रोजन क्लोराईड वायू तयार करत होते. चंबूत मीठ आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल, खाली बर्नर. अचानक चंबू तडकला आणि नाकाघशाला झोंबणारा वायू खोलीभर पसरला. मी मुलांना घेऊन बाहेर पळाले. प्रयोगशाळेचे शिपाई साबळेमामा, आधीच दम्याचे, बर्नर बंद करायला आत गेले. आले ते खोकतच.

दवाखान्यात मला म्हणाले, "बाई, पोरं बरी हायत ना?"

पाचव्या दिवशी मामा गेले.

मुख्याध्यापकांनी अहवालात लिहिलं, 'कोणीही जखमी नाही.'

"आणि मामा?" मी विचारलं.

"रोजंदारीवर होते, बाई. मस्टरवर नावच नाही त्यांचं. करा सही."

मी केली.