पडद्यापलीकडचे कार्ड

जबाब देणार : तक्रारदार स्त्री, बाजारात ‘मोजणीताई’ म्हणून ओळख. वय ४४ वर्षे. धंदा : संगणकाची ग्राफिक्स कार्डे तपासणे. राहणार : दुकानाच्या वरची खोली, मागच्या जिन्याने.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर अकरा वर्षांपासून एकटी राहते. खोली माझ्या भागीदाराची आहे. भागीदार ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. माझी आई गेली त्या आठवड्यात तिने मला खोलीची किल्ली दिली. खालचे दुकान आम्हा दोघींचे. गिऱ्हाईक आणि माल मागवणे तिच्याकडे, मागची तपासणीची खोली माझ्याकडे.

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाचा चित्रे काढणारा भाग. सेकंदाला किती चित्रे काढतो, त्यावर त्याची ताकद ठरते. मी जुनी व नवी कार्डे एकाच संगणकात, एकाच दृश्यावर चालवून तुलना करते. दृश्य जंगलाचे असून साठ सेकंदांचे आहे. एक्केचाळिसाव्या सेकंदाला वारा सुटतो व सगळी पाने एकदम हलतात. कार्डाचा कस तिथे लागतो. पहिली फेरी मी धरत नाही, कारण कार्ड थंड असते. पुढच्या तीन फेऱ्यांची सरासरी चिठ्ठीवर लिहून सही करते. चिठ्ठी कार्डाच्या खोक्यावर लागते. तुलनेचा तक्ता आम्ही दर महिन्याला दुकानाच्या काचेवर लावतो. काही घ्यायचे नसले तरी लोक तो वाचायला येतात.

तपासणीचा एक नियम मी स्वतः केला. सात वर्षांपूर्वी एका चकचकीत नव्या कार्डाची एक वाईट फेरी मी गाळली होती. कोणाला कळले नाही, पण मला ते लागून राहिले. तेव्हापासून संगणक पडद्यामागे ठेवला. भागीदार पलीकडून कार्ड बसवते, मी अलीकडे बसून फक्त आकडे बघते. कार्ड कोणते, हे मला आकडा लिहून झाल्यावर ती सांगते. पडदा माझ्या जुन्या चादरीचा आहे. तो लावला त्या दिवशी ती म्हणाली होती, “स्वतःवर विश्वास नाही, आणि माझ्यावर बरा आहे गं?” त्यावर आम्ही दोघी हसलो होतो.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास एक नकाशेवाले काका दुकानात आले. ते घरांचे नकाशे काढतात व घर बांधायच्या आधी संगणकावर आतून फिरवून दाखवतात. भागीदार त्या वेळी बाहेर गेली होती. काकांनी चार महिन्यांपूर्वी आमच्याकडून नवे कार्ड नेले होते. ते म्हणाले की, घर जिन्यापर्यंत बरे चालते आणि जिन्यावर अडकते. एक नवरा-बायको घर बघायला आले होते. “बांधायच्या आधीच अडकलं, आम्ही दुसरीकडे बघतो,” असे म्हणून ते उठून गेले. काकांनी खोक्यावरची चिठ्ठी दाखवली. माझ्या अक्षरात ११८ लिहिले होते. ते म्हणाले, “ताई, मी कार्डाचं नाव बघून नाही घेतलं. तुमची सही बघून घेतलं.”

मी पडद्यामागे जाऊन ते कार्ड स्वतः बसवले. स्क्रीनवर नाव नव्या कार्डाचेच आले. पहिली फेरी सोडून दिली. दुसरीत आकडा ६१ आला, आणि पाने हलायला लागली तेव्हा तो ३८ पर्यंत उतरला. मी खुर्चीतून उठले. हे आकडे मला पाठ आहेत. ते सहा वर्षांपूर्वीच्या जुन्या कार्डाचे आहेत. ओळखीचे माणूस पाठमोरे असले तरी कळते, तसे मला ते कळले. उरलेल्या फेऱ्या नियमाप्रमाणे पूर्ण केल्या. नंतर कार्ड उघडले. पंखा व वरचे कवच नवे होते, आतली चिप जुनी होती. संगणक कार्डाला त्याचे नाव विचारतो आणि कार्ड जे सांगेल ते खरे मानतो. या कार्डाच्या आत लिहिलेले नाव कोणीतरी बदलले होते. काकांना मी माझ्या संगणकातले कार्ड काढून दिले.

चिठ्ठ्यांच्या प्रती माझ्याकडे असतात. चार महिन्यांत त्या नव्या कार्डाच्या एकतीस निघाल्या. कार्ड साफ करून देते, असे सांगून मी गिऱ्हाइकांना बोलावले. काकांचे धरून नऊ कार्डे हाती आली. नऊही जुनी आहेत. ती जमा करत आहे.

माझ्या वहीत ते एकतीस आकडे ११७ ते ११९ यांच्या दरम्यान आहेत. एकाच जातीची कार्डेसुद्धा एकमेकांच्या इतकी जवळ येत नाहीत. हे मला तेव्हाच दिसायला हवे होते. मला वाटले, माझा हात बसला आहे.

गेल्या गुरुवारी दुपारी चार वाजता भागीदार काउंटरची काच पुसत होती. मी तिला विचारले. तिने नाकारले नाही. खरे नवे कार्ड एकच होते, तपासणीला प्रत्येक वेळी तेच बसवायची, असे तिने सांगितले. नाव बदलायचे काम बाहेरून करून घेतले. माल देणाऱ्याने जुनी कार्डे जुनी म्हणूनच दिली होती. ती म्हणाली, “लोकांना नाव हवं असतं गं. वेग तुझ्याशिवाय कोण मोजतंय? आणि तुझा एकही आकडा खोटा नाही. तेवढी काळजी घेतली मी.”

मला का नाही सांगितलेस, असे मी विचारले.

“सांगितलं असतं तर तू सही केली असतीस का?”

पुढे ती म्हणाली, “आणि पडदा मी नाही लावला. तू लावलास.” मग तिने फडके घडी करून ठेवले. सोमवारी वरच्या खोलीला रंग द्यायला माणूस येणार आहे, ओल फार झाली आहे, तुझे सामान भिंतीपासून सरकवून ठेव, असे तिने सांगितले.

शुक्रवारी सकाळी तिने मला एक टाइप केलेला कागद दिला. माल देणाऱ्याने आम्हा दोघींना फसवले, अशी माझ्या नावाने ती तक्रार आहे. “चुका तेवढ्या बघ आणि चौकीत देऊन ये,” असे ती म्हणाली. मी दोन चुका दुरुस्त केल्या. मजकूर खोटा असल्यामुळे सही केली नाही. तो कागद जमा करत आहे.

एकतीस चिठ्ठ्यांवर माझी सही असल्याने चौकशी माझ्यावरही येऊ शकते, याची साहेबांनी मला कल्पना दिली. सह्या माझ्याच आहेत. कोणी गिरवलेल्या नाहीत. तक्ता मी आज सकाळी काचेवरून काढला आहे. जबाब चालू असताना माझा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा भागीदाराचा होता. मी उचलला नाही.

अशा रीतीने भागीदाराने ग्राहकांची व माझी फसवणूक केली आहे.

वरील जबाब साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत फक्त ‘ग्राहकांची’ असे लिहिले होते. तिथे ‘व माझी’ हे शब्द घालावेत, असे मी सांगितले. ते घातले. आता जबाब मी सांगितला तसा आहे.