गार जागा

रुचिका : गोठली, आई. सुकन्याची इन्सुलिनची शेवटची बाटली. सकाळी बघितली तर आत बर्फ.

गंगासागर : मग शेकून घ्या की. मुठीत धरा, वितळंल.

रुचिका : वितळली. उपयोग नाही. एकदा गोठलं की त्यातलं औषध मोडतं. दिसायला तसंच, पण गुण गेला. तळघराला वर एक अरुंद खिडकी आहे, तिथं ठेवली होती. रात्री बाहेर उणे नऊ होतं.

गंगासागर : एवढ्या थंडीत खिडकीत? कुणी सांगितलं असलं?

रुचिका : ते आता सोड.

गंगासागर : मीच सांगितलं. परवा फोनवर मीच म्हणले तिला, तिकडं लाईट न्हाई, फ्रिज बंद, तर बाई गार जागा बघून ठेव.

रुचिका : आई, माझी बॅटरी अकरा टक्के आहे. फक्त ऐक. आणि सुकन्याच्या बाबांना, बंकटकाकांना, इतक्यात काही बोलू नको.

गंगासागर : ते सकाळपासून आपल्या दुकानाच्या पायरीवरच बसलेत. मेंढरं तशीच कोंडलेली.

बंकट : ऐकलं मी, पोरी. स्पीकर चालू हाय. सुकी कशी हाय ते सांग.

रुचिका : काका, काल संध्याकाळच्या सुईनंतर तिच्या अंगात इन्सुलिन गेलं नाही. दोनदा उलटी झाली. श्वासाला गोडसर वास यायला लागलाय. आजचा दिवस निघेल. पण आम्हाला बाहेर काढणाऱ्या बसला पोलंडच्या हद्दीपर्यंत दोन दिवस लागणार. तेवढे नाही निघणार.

बंकट : बस कवा सुटती?

रुचिका : दहाला. आता इथं नऊ वाजलेत.

गंगासागर : इथं साडेबारा. तुझे अप्पा बीडला गेलेत, कलेक्टर ऑफिसला. परत आणायच्या यादीत तुमची दोघींची नावं पुन्हा देतो म्हणले. ते काहीतरी करतील.

रुचिका : तासाभरात नाही होणार, आई. ऐक. आमच्या कॉलेजच्या एक मॅडम हॉस्पिटलच्या तळघरात आहेत. त्यांनी दोन बाटल्या काढून ठेवल्यात. पुलाच्या पलीकडं, चालत वीस मिनिटं. रात्रभर तोफा चालू होत्या, आता पाऊण तास झाला, शांत आहे. मी जाऊन येते.

गंगासागर : कोणता पूल? काल जिथं पडलं म्हणलीस तो?

रुचिका : पुलावर नाही पडलं. शेजारच्या बेकरीवर.

गंगासागर : म्हणजे लई लांब पडलं! काय बोलतीस, रुचे? पोरं न्हाईत का तुमच्यात? धाडा एखाद्याला.

रुचिका : दोघांना विचारलं. दोघंही खाली बघायला लागले.

गंगासागर : मग तू बी बघ खाली! तूच कावून?

रुचिका : चल माझ्यासोबत शिकायला, तुझी सुई मी सांभाळते, असं तिला मीच म्हणाले होते. तुझ्यासमोर. आपल्याच दुकानात.

गंगासागर : तवा काय रणगाडे होते का तिथं? तू बसमध्ये बस. तिला बी घे. हद्दीवर डॉक्टर असतील.

रुचिका : दोन दिवस, आई. मी तीन वर्षं हेच शिकतेय.

बंकट : वैनी बरोबर बोलत्यात, पोरी.

रुचिका : काका?

बंकट : तू बसमध्ये बस. सुकीला शेजारी बसव. निभावलं तर निभावलं. एकीपायी दुसरी घालवायची न्हाई. अर्धी मेंढरं इकून मी तिला धाडली, ते माझं ठरवणं. तुझ्या अंगावर न्हाई ते.

रुचिका : काका, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय. हळू बोला.

बंकट : हळूच बोलतो. लांडगा आला म्हंजे मागं राहिलेल्या एका कोकरासाठी आमी समदा कळप वळवत न्हाई. तिला म्हाईत हाय ते.

गंगासागर : खोटं बोलू नका, बंकटभाऊ.

बंकट : काय खोटं?

गंगासागर : मागल्या थंडीत कपिलधारच्या डोंगरात एका कोकरासाठी दोन दिवस कोण हिंडलं? ताप घेऊन आलते तुमी. माझ्याच दुकानातून गोळ्या नेल्या.

बंकट : ते जनावर होतं, वैनी. मुकं.

गंगासागर : आणि ही कोण आहे?

(बंकट डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवतो.)

गंगासागर : आठवीपासून तिची बाटली माझ्या बाटलीशेजारी माठात असायची. तुमी रानोमाळ, म्हणून. पोटाला चिमटा कसा घ्यायचा, सुई कशी धरायची, समदं मी शिकवलं तिला. आणि आता मीच म्हणते, बसव आणि ने. रुचे, किती टक्के?

रुचिका : सात.

गंगासागर : जा. जाऊन ये.

बंकट : वैनी...

गंगासागर : तुमी गप बसा जरा. रुचे, परत येताना त्या बाटल्या बी गोठायच्या की गं?

रुचिका : तीच भीती आहे. बाहेरच्या खिशात नको. आत ठेवल्या तर एवढ्या कपड्यांत घसरतील, आणि पळावं लागलं तर फुटतील.

बंकट : थंडीत कोकरू झालं म्हंजे आमी बंडीच्या आत घालतो, पोरी. कातड्याला लावून. बोचक्यात घातलेलं मरतं, अंगाला लावलेलं जगतं.

गंगासागर : अंगाला... गळ्यात इष्टलिंग आहे ना तुझ्या?

रुचिका : आहे. पण तीन दिवस पूजा नाही झाली. हात धुवायला पाणी नाही.

गंगासागर : राहू दे पूजा. लिंगाचं वस्त्र सोड, बाटल्या त्यातच घाल, समद्यांना मिळून एक घट्ट गाठ मार. गळ्यातलं घसरत न्हाई, फुटत बी न्हाई.

रुचिका : लिंगाशेजारी औषध? अप्पा काय म्हणतील?

गंगासागर : अप्पांना मी बघते. आज शिवरात्र आहे. देवाला नुसतं बेलपान कावून, थोडं काम बी करू दे. जा, फोन बंद कर. टक्के जपून ठेव.

(दीड वाजतो. रस्त्यानं परळीच्या जत्रेच्या गाड्या खचाखच भरून जातात. गंगासागर फोन उताणा ठेवते, पालथा ठेवते, पुन्हा उताणा ठेवते. वीस आणि वीस चाळीस मिनिटं होतात, तास तर झाला.)

बंकट : पूल किती लांबीचा असंल?

गंगासागर : मला काय म्हाईत? बघितलाय का मी?... साबुदाणा संपला गं बाई! भगर आहे. न्हाई, शेंगदाणे बी संपले. उद्या ये. न्हाईतर असं कर, कधीच नको येऊ!

बंकट : गिऱ्हाइकावर कावून वरडता?

गंगासागर : मग कुणावर वरडू? तुमी तर काहीच म्हणले न्हाई मला.

बंकट : काय म्हणायचं?

गंगासागर : गार जागेचं. ऐकलं ना तुमी? खिडकीत ठेवायला मी सांगितलं.

बंकट : मला इचारलं असतं तर मी बी तेच सांगितलं असतं. आपल्याकडं ऊन खातंय समदं. गारव्यानं काय नासतं, हे आपल्याला कुठून कळावं?

गंगासागर : मेंढरं वरडायलीत तुमची.

बंकट : वरडू द्या. तुमी सकाळची सुई घेतली का?

गंगासागर : उपवास आहे.

बंकट : उपासाला सुई चालत न्हाई व्हय?

गंगासागर : हात होत न्हाई, भाऊ. माठात हात घातला की तिचीच बाटली लागती असं वाटतं.

बंकट : वाजला! वैनी, वाजला फोन!

गंगासागर : रुचे? रुचे, बोल! बोल की गं!

रुचिका : आले. आई, आले मी.

गंगासागर : लागलं का कुठं?

रुचिका : गुडघा खरचटला. पुलावर असताना सायरन वाजला, आडवी पडले. बाटल्या शाबूत आहेत. छातीवर पालथी पडले नाही, कुशीवर पडले. आधीच ठरवून ठेवलं होतं.

बंकट : सुकी?

रुचिका : दिली, काका. पंधरा मिनिटं झाली. पाण्याचे घोट घेतेय. बस गेली.

गंगासागर : गेली?

रुचिका : दहा वाजून पाच मिनिटांनी. त्या दोघांतला एक मात्र उतरून थांबला. आता वीस-बावीसजण मिळून स्टेशनला चालत निघतोय. अकरा किलोमीटर. तो सुकन्याची बॅग घेणार.

बंकट : चालवंल का तिला?

रुचिका : हळूहळू चालेल. थांबत थांबत. काका, ती विचारतेय, मागं आवाज कसला? दुपारचे दोन वाजायला आले आणि मेंढ्या अजून वाड्यात का?

बंकट : तिला म्हणावं... म्हणावं सोडतो. आत्ता सोडतो. तू चाल.

रुचिका : दोन टक्के राहिले. आई, दोन्ही बाटल्या गळ्यातच आहेत. गाठ पुन्हा मारलीय, आता सोडणार नाही. स्टेशनवरून...

गंगासागर : रुचे? रुचे?... गेला. बंद पडला.

बंकट : बॅटरी गेली, वैनी. बॅटरीच.

गंगासागर : हो. बॅटरीच... भाऊ, मेंढरांकडं जाताना एक करा. माठाचं झाकण काढा आणि माझी बाटली द्या.

बंकट : ही घ्या. लई गार हाय हो.

गंगासागर : असू दे. जरा वेळ मुठीत धरून बसा, मग द्या.