देवीनं सिंगापूरला दिलेला डावा कौल

परदेशी जायचं तर खुशाल जा रे, पण विम्याची चर्चा आईसमोर करू नका. आमची सिंगापूरची तिकिटं निघाली होती. दोन लहान पोरं सोबत, म्हणून बायको म्हणाली, "आपण दोघं तिकडे दवाखान्यात पडलो, तर पोरांना घरी आणून सोडणारा विमा घेऊया." शिळफाट्याच्या एजंटकडून तोच घेतला. आईनं नेमकं हे ऐकलं.

"दोघं पण दवाखान्यात?" म्हणाली आणि तशीच उठून पोशीरच्या देवळात कौल लावायला गेली. परत आली ती रडतच.

"डावं फूल पडलं रं. देवी नाय म्हणते."

संपलं. आमच्या घरात कौल मोडून कोण जाणार? पोरं नवे गॉगल लावून रडत बसली. मी एजंटला फोन केला.

"प्रवास रद्द झाला तर पैसे मिळतात ना?"

"मिळतात की. कारण काय हाय?"

"देवीनं नको सांगितलं."

त्यानं पॉलिसीचे कागद चाळले. मग म्हणाला, "दादा, याला कव्हर नाय."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात हळूच म्हणाला, "आमी पण पोरांना घेऊन दुबईला चाललोय. आई आमचा कौल लावतील का?"