गादीला लावलेलं वाटीभर तेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय रेवणप्पाअण्णा, व्यासपीठावरील कार्यकारी मंडळाचे सन्माननीय सभासद, मुख्याध्यापिका कस्तुराबाई, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती गैबीसाब, इतक्या वर्षांत प्रथमच या सभागृहात पाऊल ठेवणाऱ्या त्यांच्या पत्नी नूरबीभाभी, माझे सहकारी आणि वसतिगृहातल्या माझ्या मुलींनो,

वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. गैबीसाबांनी तेवीस वर्षं राखलेल्या बागेबद्दल चार ओळी लिहून आणल्या होत्या. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी धोतराचा किस्सा सांगितला आणि सभागृह पोट धरून हसलं. गैबीसाबही हसले. शाल घ्यायला बोलावलेल्या माणसानं दुसरं करायचं तरी काय? मला मात्र शिसारी आली. कुणाची, ते सांगते.

यंदा आलेल्या मुलींना तो किस्सा अर्धाच कळला असेल. आपल्या बागेतला छोटा ट्रॅक्टर त्रेपन्न साली परदेशातून देणगी म्हणून आला. त्या दिवसापासून तो गैबीसाबांनीच चालवला. चौऱ्याहत्तर साली संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. अण्णांनी ट्रॅक्टरवर बसायचं आणि छायाचित्र काढायचं, असं ठरलं होतं. अण्णा परीटघडीचं पांढरं धोतर नेसून बसले. उठताना चर्र असा आवाज झाला. धोतराला मागं पावलाएवढा तपकिरी डाग, त्यावर चिकटलेली रेक्झिनची खपली, आणि नाकात जाणारा आंबूस वास. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "वीस वर्सांचा घाम हाय त्यो गैबीचा. अंघोळ करतुया का न्हाय कुणास ठावं."

दुसऱ्या दिवशी गैबीसाबांना ताकीदपत्र मिळालं. कारण लिहिलं होतं, अस्वच्छता. ते त्यांच्या सेवापुस्तकाला जोडलं गेलं. ट्रॅक्टर काढून घेऊन हातात खुरपं दिलं. गादी उपटून विहिरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फेकली आणि ट्रॅक्टरवर बसायला फळी ठोकली. त्यानंतर दोन वर्षं गैबीसाब व्हरांड्यातून गेले की आपण काय करत होतो, हे मी का सांगावं? मुलींनी नाकाला रुमाल लावलेले मी पाहिले आहेत. त्यांना रागावायला हवं होतं. मी रागावले नाही.

कारण ते तेल मी लावलं होतं.

होय, तेल. महोत्सवाच्या तीन दिवस आधी मी ती गादी पाहिली. रेक्झिनला भेगा पडल्या होत्या, टाचेला पडतात तशा. आमच्या घरी वडील कोरड्या पडलेल्या चामडी पायताणाला करडईचं तेल चोळायचे. पायताण तेल पितं आणि मऊ होतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. मग गादीला का नको? वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून वाटीभर करडईचं तेल नेलं आणि हातानं चोळून आले. कुणाला विचारलं नाही. रेक्झिन म्हणजे चामडं नव्हे, ते तेल पीत नाही, हे शहाण्या अधीक्षिकेला माहीत नव्हतं. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. तीन दिवसांत त्या तेलाचा चीक झाला, त्यात धूळ बसली, माश्या बसल्या.

त्या दिवशी डाग पाहताच आमची स्वयंपाकीण शिवबाई माझ्या कानाशी लागली.

"घाम म्हंत्यात व्हय त्येला? आवं बाई, त्ये आपलं करडईचं त्याल हाय की. तुमीच न्हेलंतसा वाटीभर."

"गप बस, शिवबाई," मी म्हणाले.

"मी गप बसंन. पर त्यो म्हातारा नाहक बोलणं खातुया."

मी पदर नाकाला लावला. मुलींनो, तुमच्या रुमालाआधी हा पदर होता. माझ्याच तेलाचा वास मला सहन होईना, आणि तो दुसऱ्या माणसाच्या अंगाचा आहे, असं मी शंभर माणसांना समजू दिलं. नोकरीला सहा महिने झाले होते, आगेमागे कुणी नाही, वसतिगृहाची खोली हेच घर. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता त्यांचाही खवट वास येतो.

गेल्या महिन्यात गैबीसाब कस्तुराबाईंकडे गेले आणि म्हणाले, "जाताना गाडी नीट करून द्येतो. गादी तेवढी द्या." कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात डब्यांच्या गाद्या शिवणारा त्यांचा पुतण्या हाशम दोन रविवार आला. मी कात्री धरायला जाऊन बसले. का गेले? तेलाचा काही माग उरला आहे का, हे बघायला. प्रेमानं गेले, असं खोटं आज तरी सांगणार नाही.

मी स्वयंपाकघरात नासलेलं पुष्कळ पाहिलं आहे. तशी घाण नाही पाहिली. आतला काथ्या कुजून काळा पडलेला, त्यात झुरळं, उंदरानं केलेलं घर. हाशमनं शिवण उसवली. जुनं कव्हर फाडून चालत नाही, त्याच्याच मापानं नवं बेतायचं असतं, म्हणून ते आधी धुवायला घेतलं. सोड्याचं गरम पाणी घातलं, साबण लावला, ब्रश घासला. डाग हलेना. शेवटी उलथन्यानं खरवडलं, तेव्हा मधासारखी चिकट साय निघाली. हाशमनं ती हुंगली.

"चाचा, ये पसीना नै. पसीना धुतल्यावर जाता. तेल है ये, करडी का."

"आसंल. तू धू," गैबीसाब म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "बाई, सावलीत व्हा. उन्हात लई वास मारतंय त्ये."

त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

नवं हिरवं रेक्झिन हाशमनं तापल्या पत्र्यावर पसरलं. ऊन खाल्लेलं रेक्झिन ताणलं जातं आणि मग गादीला सुरकुती पडत नाही. तो ते आणायला उठला, तेव्हा मी विचारलं, "गैबीसाब, का नाही बोललात?"

"तुमी चांगल्या मनानं लावलं हुतं की. तुमच्या हाताला वास हुता, वाटी बी गाडीवरच इसरला हुतासा. मीच न्हेऊन दिली शिवबाईला."

मला वाटलं, सुटले. पण ते थांबले नव्हते.

"तुमी बोलाल आसं वाटलं हुतं, बाई. म्हैनाभर वाट बगितली. मग सोडलं."

मंडळी, त्या गादीतल्या काथ्याची मला जितकी किळस आली, त्याहून जास्त त्या क्षणी स्वतःची आली. काथ्या निदान उघड्यावर टाकता येतो.

अण्णा, माझ्या पिशवीत त्या जुन्या रेक्झिनचा तुकडा आहे. तो मी आपल्यासमोर ठेवते. वास घ्या. करडईचा आहे, कुणाही घरचा येईल असा. आपण गैबीसाबांना शाल पांघरवण्यापूर्वी ते ताकीदपत्र त्यांच्या सेवापुस्तकातून काढावं आणि माझ्या सेवापुस्तकाला जोडावं, अशी माझी जाहीर विनंती आहे. पत्राचा मजकूर बदलायची गरज नाही. अस्वच्छता हा शब्द मला पुरेपूर लागू आहे. माझ्या नोकरीचं काय करायचं, ते मंडळानं ठरवावं.

आणखी एक. बाहेर ट्रॅक्टर उभा आहे. नव्या गादीवर अजून कुणी बसलेलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे की अध्यक्ष बसतील. अण्णा, आधी गैबीसाबांना बसू द्या. मग आपण बसा. शिपायाच्या हातात आत्ता घडी केलेला टॉवेल दिसतो आहे, तो न अंथरता बसा.

आपण मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, याबद्दल अध्यक्षांची आणि सभागृहाची मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण सर्वांनी कशाला पोटात घालायचं? क्षमा मागायची ती एकाच माणसाकडं.

गैबीसाब, तुम्ही महिनाभर वाट पाहिलीत. मला दोन वर्षं लागली.