उघडं लोखंड

नाही, रेडिओला हात लावू नकोस, अस्लम – तो वाजतोय तसा वाजू दे, तो थांबला की मला कळणार आहे. आणि तू सारखा ऊठबस करू नकोस रे, माझं चित्त हलतं. त्या चिऱ्यावर बस. ऐकलं मी सगळं. तुझ्या रझियाला नववा महिना लागलाय, मूल आडवं आहे, इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात न्या, आणि उद्या उजाडताना निघायचं आहे. तीनदा सांगितलंस. आणि ही गाडी काल पालीच्या पुढच्या चढाला मेली. दिवे, हॉर्न, रेडिओ, इंजिन – सगळं एकदम गेलं. पाव तास तुम्ही नुसते बघत बसलात आणि मग आपोआप लागली, जसं काही झालंच नव्हतं. असंच ना? असंच. ते पालीला झालं म्हणून बरं. आंबा घाटात झालं असतं तर – ते नको बोलायला.

रेडिओ बसवायच्या आधी असं कधी झालं नव्हतं, हेही ऐकलं. म्हणजे तो बसवला कोणी, ते तुला म्हणायचं आहे. पण तू हारुन नाखव्याचा नातू, माझ्या तोंडावर म्हणणार नाहीस. नको म्हणू. वायरी मी सकाळपासून बोटांनी चाचपल्यात, एकसुद्धा घासलेली नाही. डायनामो बघितला, ठीक आहे. बॅटरी बघितली – बॅटरी तर नवीच आहे, मीच घ्यायला लावली तुला. हं. त्याचं सांगतो. वायच थांब.

तो स्टोव्हवरचा टोप आण इकडे. चहा नाही रे, नुसतं पाणी आहे. उकळलं ना? त्यात हे फडकं बुडव आणि चिमट्याने दे. आता गाडीत बस, दिवे लाव आणि हॉर्नवर हात ठेव. हा नट दिसतो? बॅटरीची एक वायर कामाला जाते आणि दुसरी इथे, गाडीच्या अंगाला लागते. दिवा असो, हॉर्न असो, रेडिओ असो, सगळ्यांची वीज गाडीच्या अंगातून फिरून ह्याच नटाशी परत येते. परतीची वाट ही एकच. रेडिओ बसवताना मी हा नट खोलला आणि रेडिओची वायरसुद्धा ह्याच्याखालीच घातली. इंजिन इथून वीतभर लांब. चढाला इंजिन तापलं की हासुद्धा तापतो. आता फडकं ठेवतो त्याच्यावर. वाजव हॉर्न. परत वाजव. परत –

गेला.

बघितलंस? रेडिओपण गेला. तुझा हॉर्न हाताखालीच मेला. आता फडकं काढतो. पाव तासाने सगळं परत येईल, काल आलं तसंच.

इकडे ये. बोट लाव – भाजणार नाही, लाव. चिकट लागतं ना? वास घे. ओळखलास? तुझ्या घरातल्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही. राळ आहे. राळ आणि माशाचं तेल. तुझ्या आजाच्या गलबतावर मी सोळा वर्षं होतो, अस्लम. शाळा बघितली नाही, जे शिकलो ते त्याच्याकडे. सदू, म्हणायचा, लोखंड उघडं ठेवलंस की ते समुद्राचं झालं. खिळा मारला की राळ, कडी बसवली की राळ. पुढे मोटारी शिकलो, सगळं नवं शिकलो, पण हात जुनेच राहिले. तुझी गाडी मांडवीला उभी असते, खारं वारं येतं, म्हटलं अस्लमच्या गाडीचा नट गंजायला नको – म्हणून चांगली वरून खालून राळ घातली, पोराच्या डोक्याला तेल घालावं तशी. आणि विजेला लोखंड उघडंच लागतं. तापलं की राळ पातळ होते, पाण्यासारखी वायरीखाली शिरते, वाट बंद. निवली की आखडते, कुठेतरी लोखंडाला लोखंड टेकतं, वाट चालू.

हो, आता कळलं. – नाही. आता नाही कळलं.

गेल्या शनिवारी तू पहिल्यांदा आलास ना, जेटीवर गाडी बंद पडली म्हणून? तेव्हाच ह्या नटाखाली राळेचा थेंब लोंबताना बघितला मी. बघितला, पुसला, नट दोन फेरे आवळला आणि तुला म्हटलं, बॅटरी गेली, नवी घे. का म्हटलं? सगळे आता स्टँडजवळच्या नव्या गॅरेजात जातात. तू एकटा अजून येतोस, चाचा म्हणतोस. म्हटलं, आवळलाय, चालेल आता. कोणाला कळणार. तेव्हा रझियाचं मला ठाऊक नव्हतं – पण ते असो, ठाऊक असतं तर काय केलं असतं, तेही मला ठाऊक नाही.

बोलू नकोस. काचकागद दे. तो नाही, बारीक. दिवा जवळ धर, मला हल्ली – धर जवळ. असं. लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासायचं. वायरीचं टोकपण. आता दिसतं ना चकचकीत? तू बघून सांग. नक्की? आता ह्याला काही लावायचं नाही. गंज धरला तर धरू दे, महिन्याने परत घासायचं. आवळला. आण ते फडकं, उकळत्यातून काढ. दिवे लाव. हॉर्न. ठेवतो. वाजव. वाजव अजून. मी सांगेपर्यंत थांबू नकोस. रेडिओ चालू आहे? आहे. फडकं निवलं, दुसरं दे. वाजव.

पुरे.

हा पाना घे. हा काचकागद खिशात ठेव. आता तुला नट कुठे आहे ते ठाऊक आहे, घाटात लागलंच तर तुझे हात माझ्यापेक्षा बरे. आणि हा राळेचा डबा पण ने घरी, गलबताला लागेल. इथे ठेवला तर हात परत जाईल त्याच्याकडे. नको, तसा हात धरू नकोस माझा, तेलकट आहे. जा, रझिया वाट बघत असेल.

तो रेडिओ बंद कर जाताना. मला वळणापर्यंत इंजिन ऐकायचं आहे.