मोरीवरचा पाटा

—नको आजोबा, पाट नको, मी उभीच बरी. बसले की तुम्ही प्रसाद द्याल, प्रसाद दिला की लग्नाचं काय म्हणून विचाराल, आणि मी जे सांगायला आलेय ते पुन्हा राहून जाईल — सकाळी तसंच झालं ना? सकाळी आले ती मोदक खाऊन गेले. हसा, हसा. सगळी चाळ हसतेच आहे. आत्ता नळावर योगिनीकाकी काय ओरडली, ऐकलंत? "बायांनो, वेधशाळा आली गं! कपडे वाळत घाला, ऊन पडणार!" — आणि मीही हसले, काय करू? जुलैमध्ये मी सगळ्यांना उठवून शाळेत नेऊन बसवलं आणि पाणी आलंच नाही, तेव्हापासून मी वेधशाळा. हॉलंडला जाऊन पाणी शिकून आलेली संदेशची पोरगी रुचिता — जिचं पाणी येत नाही. असू दे. आज म्हणा अजून चार नावं, पण आज उठा.

इथे पाऊस नाही, मान्य. दारातून दिसतंय मला, अंगणात चिमण्या आहेत. पण वर बघा — वर म्हणजे आभाळात नाही हो, वर म्हणजे अंबरनाथच्या पलीकडे, डोंगराकडे — तिकडे सकाळपासून कोसळतोय. तो सगळा वालधुनी नदीतून खाली येणार. आणि खाडीला संध्याकाळी भरती आहे. म्हणजे नदी येणार वरून आणि खाडी दार लावून बसणार, मग पाण्याने जायचं कुठे? आपल्याकडे. आपण मध्ये आहोत, आजोबा. ही बैठी चाळ त्या दोघींच्या मध्ये आहे — आणि हे तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही मोरीवर पाटा ठेवलाय की! आल्या आल्या बघितला मी. खाली ओलं गोणपाट, त्याच्यावर पाटा, त्याच्यावर वरवंटा. पाणी दारातून येत नाही, आधी मोरीतून येतं, हे मला तुम्हीच शिकवलंय. मग पाटा कशाला ठेवलात? येणार नाही असं वाटत असतं तर कोण ठेवतं?

निवडा, दुर्वा निवडा. ठीक आहे.

पाणी पूर्वीही आलेलं, गेलेलं — हेच म्हणायचंय ना? सकाळीही तेच म्हणालात. अहो, पूर्वीचा पाऊस वेगळा होता. समुद्र तापलाय, हवा पाणी धरून ठेवते, धरून ठेवते आणि मग एकदम सोडून देते — पूर्वी आठवडाभर रिपरिप करणारा पाऊस आता एका दुपारी पडतो. आणि नदीही ती राहिली नाही. पलीकडे भात होतं, आठवतं का? मला अंधुक आठवतं. पाणी वाढलं की त्या खाचरांमध्ये पसरून बसायचं, आपल्यापर्यंत येईस्तोवर दमून जायचं. आता तिथे भराव आहे, भिंत आहे, टॉवर आहेत. त्याला पसरायला आपणच उरलोय. छातीवर हात ठेवून सांगा, दोन हजार पाचला तुम्ही मला खांद्यावर बसवून त्या रस्त्यापलीकडे नेलंत, तेव्हा पाणी कुठवर होतं? तुमच्या छातीपर्यंत. मला फक्त तुमच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास आठवतो आणि तुम्ही सारखं म्हणत होता, "खाली बघू नको गो, खाली बघू नको." तेव्हा तुम्ही कुणाचं ऐकत थांबला नव्हतात. उठलात आणि निघालात.

तेव्हा घरात गणपती नव्हता. हो. माहितीये.

कळतं मला. घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर आईबाबा चाळ सोडून राहायला गेले म्हणून मी काही परकी नाही झाले — बसलेला देव उत्तरपूजेआधी हलवत नाहीत, घरात गणपती असताना दाराला कुलूप लावत नाहीत, समईपाशी कुणीतरी लागतं. तुमचा पाच दिवसांचा. तुमच्या आजोबांच्या आजोबांपासून पाच दिवसांचा. दिवस कमी केले की घराला लागतं, हेही ऐकलंय. आणि बाप्पाला पाण्याचं भय काय, शेवटी पाण्यातच जायचंय त्याला — बरोबर, त्याला नाही भय. शीलाआजींना आहे. ऐकतायत बघा त्या आतून, डोळे मिटून पडल्यात पण ऐकतायत. खुब्याचं हाड मोडून महिना नाही झाला, आजोबा. खाटेचे पाय बघितलेत केवढेसे आहेत? कोरड्या रस्त्यावरून खुर्चीत बसवून न्यायला मला दोन माणसं मिळतील, शेजारचा सलिल आहे, त्याचा भाऊ आहे, सांगून ठेवलंय मी. पण गुडघाभर पाण्यात, वाहत्या पाण्यात, उघडी गटारं दिसत नसताना कोण नेणार? तुम्ही? तेव्हा तुमच्या खांद्यावर पाच वर्षांची पोरगी होती आणि तुम्ही पन्नाशीत होतात.

आणि आजी काय म्हणतायत माहितीये ना? "हे येत असतील तर मी येते." झालं. तुम्ही बाप्पाला सोडून येणार नाही, त्या तुम्हाला सोडून येणार नाहीत. एकाच्या पायात एक.

मी तिकडे हॉलंडला होते ना, तिथे लोक समुद्राच्या पातळीखाली राहतात. खाली! वर बोटी चालतात आणि खाली गायी चरतात. आणि रात्री निवांत झोपतात, कारण बांधावर कुणीतरी जागं असतं. मला तिथेच नोकरी देत होते. मी म्हटलं नाही, मला घरी जायचंय, आमच्या बांधावर कुणीच जागं नाही. काय बोलले होते मी विमानतळावर बाबांना! बाबा म्हणाले, "अगं, तुझं ऐकणार कोण?" मी म्हटलं, आकडे ऐकतील. शहाणी! आकडे कुणी ऐकतं का? पुलाखाली मीटर बसवला मी, स्वतः दोरीला लटकून बसवला, लोक वर उभे राहून व्हिडिओ काढत होते. पाणी किती चढलं ते तो माझ्या फोनवर सांगतो. सांगायचा.

नाही, काही नाही. पुढचं ऐका—

काय? आज काय सांगतोय? आज… जाऊ दे ना मीटरचं.

बरं. नाही सांगत तो. दुपारपासून गप्प आहे. झालं समाधान? शेवटचा आकडा आला तेव्हा पाणी चढत होतं, जोरात चढत होतं, आणि मग काहीच नाही. बॅटरी गेली असेल. कुणी चोरला असेल. किंवा नदीने नेला असेल. ऋजुता मॅडमना फोन केला — माझ्या मोठ्या मॅडम, आमच्या संस्थेतल्या — त्या म्हणाल्या, "जुलै विसरलीस का? आकडा नसताना कुणाला घराबाहेर काढायचं नाही. एकदा चुकलो, आता दुसऱ्यांदा चुकलो तर पुढच्या वेळी खरं असलं तरी कुणी हलणार नाही." बरोबर आहे त्यांचं. शंभर टक्के बरोबर. म्हणजे मला कुणी पाठवलेलं नाही, आजोबा. माझ्याकडे कागद नाही, आकडा नाही, काही नाही. पाणी येईल का? मला माहीत नाही. येऊ शकतं. आम्हाला "येऊ शकतं" एवढंच बोलायला शिकवतात — आणि "येऊ शकतं" म्हटल्यावर घरातला देव कोण हलवेल? मीही नसता हलवला.

मघाशी कोपऱ्यावर उभी राहून विचार करत होते, खोटं बोलू. शपथेवर सांगू, पाणी पुलाला लागलं, मी डोळ्यांनी बघितलं. सांगू की बाप्पा माझ्या स्वप्नात आला. तुम्ही उठला असतात! पण मग मी इतकी वर्षं शिकून काय केलं?

आणि एक — हे मी कुणाला बोललेले नाही. जुलैतल्या त्या रात्री शाळेत सगळे सतरंज्यांवर पडले होते, पोरं रडत होती, आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मी दारात उभी राहून कोरड्या रस्त्याकडे बघत होते. आणि मला वाटत होतं, ये ना. थोडं तरी ये. घोट्यापर्यंत ये, म्हणजे मी खरी ठरेन. मी पाण्याला बोलवत होते, आजोबा. तुमच्या घरात बोलवत होते. आज तसं वाटत नाही. आज मला हवंय की येऊच नये, मी परत खोटी पडावी, योगिनीकाकीने वर्षभर मला वेधशाळा म्हणावं, पोरांनी मागे लागून ओरडावं. चालेल. फक्त त्या वेळी तुम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडे असा.

अजून दुर्वाच. बरं.

मग तुमच्याशी नाही बोलत मी. सरका थोडं. समईला धक्का नाही लागणार, सरका. मी ह्याच्याशी बोलते. नाही, आरती नाही. गाऱ्हाणं घालते. का? बायकांनी घालू नये? कुठे लिहिलंय? चाळीत सगळ्यांचं गाऱ्हाणं तुम्ही घालता, लहानपणापासून ऐकलंय, मला नीट येत नाही, मालवणी तर अगदीच मोडकी, पण त्याला कळेल. आणि गाऱ्हाणं ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं तेही माहितीये. बघू किती गप्प राहता.

बा गणपती म्हाराजा! ह्यो तुजो गुणाजी आणि तेची शीला, दर वर्साक तुका हाडतत, पूजतत, पाच दिस तुजी सेवा करतत रे म्हाराजा—

… नाही? बरं.

आज वरसून नदी येता, खालसून भरती येता. येता काय नाय ता माका ठाऊक नाय, ता तुका ठाऊक. शीलाआजी खाटेर पडली आसा, तिका चलूक जमना नाय रे म्हाराजा—

ऐकलंत? आजी बोलल्या. आतून "व्हय म्हाराजा" म्हणाल्या. हाड मोडलेलं माणूस बोलतं, आणि तुम्ही?

तुज्या गुणाजीन आज दीड दिसात तुका निरोप दिल्यान, तर तेचो राग धरू नको. तेच्या घराक काय लावू नको. जो काय बोल लावूचो, तो माका लाव. ह्या… ह्या माझ्या डोक्यावर लाव, मी जबाबदार, मला मालवणीत नाही सांगता येत पुढचं — मी शिकून आले आणि मला काही म्हणजे काही येत नाही, बाप्पा, मला नुसती भीती वाटते. ह्यांनी मला खांद्यावरून नेलेलं. मला ह्यांना नेऊ दे. पदरात घे, चुकलंमाकलं माफ कर, आणि ह्या दोघांना सुखरूप रस्त्याच्या पलीकडे ने रे म्हाराजा—

आजोबा?

परत म्हणा. नाही, ऐकलं मी, ऐकलं. नुसतं… परत ऐकायचं होतं.

अक्षता? देते, कुठेयत — ही वाटी? ह्यात कुंकू लागलंय, चालेल? दही? उत्तरपूजेला दही लागतं, हो, हातावर ठेवायला, आजी, दही कुठेय? फडताळात? मिळालं. सलिल! ए सलिल, खुर्ची आण रे! आणि योगिनीकाकीला सांग, दोरीवरचे कपडे काढ म्हणावं! नाही, हसून नको सांगू, नीट सांग. आजोबा, बाप्पाचा पाट जड आहे. मी धरू का? नको. बरं. तुम्हीच. नुसतं हलवायचं ना, एक बोटभर? माझे सख्खे आजोबाही असंच करायचे, पाट थोडा सरकवायचे आणि मग तोंड फिरवायचे, मला वाटायचं शिंक आली — फोन वाजतोय माझा. मीटर असेल. असू दे, नाही बघत. काहीही सांगू दे त्याला आता. तुम्ही करा, मी मध्ये बोलणार नाही, एक शब्द बोलणार नाही, फक्त ते — आजोबा, पाटा हलला का? मोरीवरचा, मला आत्ता आवाज—

हो. गप्प. आधी तुमचं होऊ दे.