अकराव्या प्रश्नाचं उत्तर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लासचे संस्थापक आदरणीय अमृतरावजी, नांदेडहून दवाखाना बंद ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर तनुजाताई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, पालक बंधू-भगिनी, पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती चतुराबाई, आणि बाहेरून मसालेभाताचा वास येत असतानाही शिस्तीत बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

आत्ताच माझं मानपत्र वाचून दाखवलं गेलं. ऐकता ऐकता मला वाटून गेलं, या शेषेराव सरांना आपण एकदा भेटायला हवं होतं. माणूस चांगला दिसतो.

तनुजाताईंनी आपल्या भाषणात ती गोष्टही सांगितली. लातुरात ती बहुतेकांना पाठ आहे. त्र्याण्णवचा भूकंप होऊन पंधरा दिवस झाले होते, आपला क्लास तेव्हा पत्र्याच्या एका खोलीत भरत होता, भरदुपारी धक्का बसला आणि शेषेराव सरांनी प्राणांची पर्वा न करता चाळीस मुलं बाहेर काढली. हजेरीपट घेऊन एकेकाचं नाव पुकारलं. आत राहिलेल्या देगलूरच्या एका मुलीला सुखरूप बाहेर आणलं. ती मुलगी म्हणजे तनुजाताई. याच गोष्टीसाठी या नव्या सभागृहाला माझं नाव देण्याचं अमृतरावजींनी ठरवलं आहे. ती बघा, पाटी कापडाखाली झाकून ठेवलेली आहे. कापड काढण्याआधी मला दहा मिनिटं द्यावीत, एवढीच विनंती.

आपणा सर्वांना माहीत आहे की पदार्थविज्ञानाबरोबर मी ‘स्वतःला ओळखा’ नावाचा एक तास घेत आलो. क्लासेसचे बरे दिवस आले, गल्लोगल्ली फलक लागले, तेव्हा आपल्याकडे काहीतरी वेगळं हवं म्हणून तो सुरू झाला. पंचवीस प्रश्नांचा एक कागद मी तयार केला. मुलांनी तो भरायचा, मी तपासायचा. हो, गुणही द्यायचो. लातूर आहे हे, इथं आत्मपरीक्षणालाही दहापैकी गुण लागतात!

त्यातला अकरावा प्रश्न असा: ‘कठीण प्रसंगी तुमची पहिली हालचाल कोणती असते?’ उमरीच्या शिवमनं लिहिलं होतं, ‘आईला फोन.’ अर्धापूरच्या जेबानं लिहिलं, ‘कठीण प्रसंग म्हणजे तुमचा तास का, सर? मग पहिली हालचाल म्हणजे झोपेतून जागं होणं.’ मी तिला दहापैकी तीन दिले आणि खाली लाल शाईनं लिहिलं, ‘स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहायला शिका.’

मागच्या आठवड्यात निवृत्तीच्या तयारीत मी माझं कपाट रिकामं करत होतो. मदतीला आपले जुने शिपाई निजामोद्दीनभाई होते. तळाशी एक कोरा प्रश्नकागद सापडला. म्हटलं, हजारोंचे तपासले, एक आपणही भरू. पहिले दहा प्रश्न सरसर सुटले. ‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?’ लिहिलं, ‘अतिप्रामाणिकपणा.’ मग अकरावा आला आणि पेन थांबलं.

मित्रहो, आता जे सांगतो ते कृपया विनय समजू नका.

त्या दुपारी मी दाराजवळ उभा राहून हजेरी घेत होतो. मुलं धास्तावलेली होती. घरी कुणी आत झोपत नव्हतं, साधं भांडं पडलं तरी गल्ली रस्त्यावर यायची. म्हणून हजेरीआधी मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ‘घाबरायचं नाही. काही झालं तर मी आहे.’ चौदावं नाव घेतलं आणि पत्रे खडखडले, बाकं हलली. त्यानंतरचं मला आठवतं ते असं, की मी मैदानातल्या लिंबाखाली उभा आहे, हातात हजेरीपट आहे आणि एका पायात चप्पल नाही.

मी पळालो होतो. मुलं माझ्यामागून आली. मी त्यांना बाहेर काढलं हे खरंच आहे, पण पुढचा मेंढा कळपाला बाहेर काढतो, त्या अर्थानं.

मग काय करावं सुचेना, म्हणून हातात होता तो हजेरीपट वाचायला लागलो. तेविसाव्या नावाला उत्तर आलं नाही. तनुजा. चार वेळा पुकारलं. ती आत आहे हे मला कळलं होतं. दार दहा पावलांवर होतं. माझे पाय गेले नाहीत. हे मला त्याच दुपारी ठाऊक होतं, आणि नंतरची सव्वीस वर्षं मी ते ठाऊक नसल्यासारखा वागलो. लाज वाटते, आजही वाटते. ज्यांनी त्या भूकंपात घरची माणसं गमावली, त्यांच्यापुढे तर ही गोष्ट काढायचीही लाज वाटते.

आत गेले ते निजामभाई. फाटकाकडून सावकाश चालत आले, आत गेले, बाकाखाली बसलेल्या मुलीचा हात धरून तिला माझ्यापाशी आणून उभं केलं आणि परत फाटकावर गेले. तेवढ्यात पालक धावत आले. त्यांना दिसलं काय? सर, हजेरीपट आणि शेजारी मुलगी. गोष्ट तयार झाली. पहिल्या वर्षी मी म्हणायचो, ‘अहो, कसचं कसचं!’ लोकांना तो विनय वाटला. पुढे पुढे मलाही वाटायला लागला.

माणूस स्वतःला टाळतो, म्हणजे नेमकं काय करतो? जंगलात जातो का? छे! तो इतरांना ‘स्वतःला ओळखा’ म्हणून सांगत बसतो. त्याहून सुरक्षित जागा नाही. कारण आत डोकावलं तर जो कुणी भेटेल, त्याला आपण आपल्याच क्लासात प्रवेश देणार नाही, अशी भीती असते.

तर, कपाटापाशी मी पेन ठेवलं आणि निजामभाईंना हे सगळं सांगितलं. म्हणालो, मानपत्र खरं म्हणजे तुमचं आहे. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, “सर, धक्का कुठं होता? ट्रक होता की. किल्लारीकडं पत्रे घेऊन चालला होता. मी फाटकात उभा, मला समोर दिसून राहिला होता. म्हणून गेलो आत. धक्का असता तर मीबी तुमच्या मागंच पळालो असतो.”

मी विचारलं, “मग इतकी वर्षं बोलला का नाही?”

“तुमी इचारलं कुठं? आन् ती गोष्ट सांगताना तुमी लई खूश दिसायचे.”

म्हणजे बघा, मी पळालो तो एका ट्रकला भिऊन. निजामभाईंनी अकराव्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या, हसत हसत दिलं आणि पुन्हा पुस्तकांचा गठ्ठा बांधायला लागले. त्यांना दहापैकी दहा. जेबा या सभागृहात असेल तर तिच्या तिनाचेही मी दहा करतो.

तनुजाताई, नव्हे, तनुजा, प्रत्येक गुरुपौर्णिमेला तू मला वाकून नमस्कार करत आलीस. ते सगळे नमस्कार मी घेतले. ते परत कसे करायचे, मला कळत नाही. पण आज तू माझ्याकडे बघून हसते आहेस, आणि निदान हे हसू बरोबर माणसाला मिळालं आहे.

अमृतरावजी, आता त्या पाटीविषयी. माझं नाव द्यायचंच असेल, तर सभागृहाला नको, त्या मागच्या दाराला द्या. बाहेर पळण्यात माझा अधिकार मोठा आहे. आज सकाळी पाहिलं, त्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच सांगता आलं नाही. इथं दोनशे मुलं बसणार आहेत. पाटीआधी तेवढं कुलूप काढा.

आपण सर्वांनी एवढं प्रेम दिलं, गेल्या आठवड्यापर्यंतचा शेषेराव सहन केलात आणि आजचाही ऐकून घेतलात, मी आपला मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. जेवण तयार आहे. बाहेर पडताना आधी मुलांना जाऊ द्या, मग पाहुण्यांना. आज मी सगळ्यांच्या शेवटी निघणार आहे. निजामभाई, तुम्ही दाराशी उभे राहा आणि माझ्यावर नजर ठेवा.

धन्यवाद.